आधी झिरो बघा: सीएमबीमधला डावा-उजवा भेद घरच्या लॅपटॉपवर कसा शोधायचा

माझे मामा एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. गळीत हंगामात मी कधीमधी त्यांच्याकडं जायचो. मळीच्या वासाची सवय व्हायला अर्धा तास लागायचा, मग मजा यायची. रसातली साखर मोजायला तिथं पोलॅरिमीटर होता. एका टोकाला पिवळा सोडियम दिवा, मध्ये काचेची नळी, दुसऱ्या टोकाला डोळा लावायचं भिंग. भिंगात एक गोल दिसतो. त्याचा एक अर्धा उजळ असतो, दुसरा काळपट. चकती हळूहळू फिरवत दोन्ही अर्धे सारखे काळपट झाले, की कोन वाचायचा. मी पहिल्यांदा कोन वाचून सांगितला, तेव्हा मामांनी पेन उचललंच नाही.

"झिरो बघितलास का?"

"कशाचा?"

"आरं, नुस्त्या पाण्याचा. नळीत पाणी घालून आधी बघ जा, मग रसाचं काय ते सांग."

साखरेचा रेणू एकाच हाताचा असतो, त्यामुळे त्यातून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाची दिशा उजवीकडं वळते. कारखान्यात ज्याला 'पोल' म्हणतात तो आकडा या वळण्यातूनच येतो. पण नळीत नुसतं पाणी असताना काटा शून्यावर नसेल, तर तुमचा पोल चुकला. हे मला तेव्हा पटलं, पण त्याचं खरं वजन कळलं ते बऱ्याच वर्षांनी, विश्वातल्या सगळ्यात जुन्या प्रकाशात हाच कोन शोधताना.

हा लेख भौतिकशास्त्रात बीएस्सी किंवा एमएस्सी करणाऱ्या, थोडंफार पायथन येणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. शिवाजी विद्यापीठात असा किंवा गडहिंग्लजला घरी बसून असा, लागणारा सगळा डेटा फुकट आणि खुला आहे. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि दोन-तीन आठवड्यांच्या संध्याकाळी हाताशी ठेवा. यातून नवा शोध लागणार नाही हे आधीच सांगतो. पण जगातल्या सगळ्यात अवघड मोजणींपैकी एक तुम्ही स्वतःच्या हातानं करून बघाल, आणि ती नेमकी कुठं अडते हेही बघाल.

नेमकं काय शोधायचं

निसर्ग आरशात तसाच दिसतो का? १९५६ मध्ये ली आणि यांग यांनी शंका काढली की क्षीण बलाच्या बाबतीत तसं नसावं. १९५७ मध्ये वू यांच्या कोबाल्ट-६० च्या प्रयोगानं ती खरी ठरली. मग विश्वाच्या जन्मावेळी, इन्फ्लेशनच्या काळात (महागाई नव्हे; सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात झालेला अवकाशाचा प्रचंड फुगवटा) हा भेद होता का, हा आपला प्रश्न.

साक्षीदार एकच, सीएमबी, म्हणजे कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंड. विश्व साधारण ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना सुटलेला हा प्रकाश आज २.७२५ केल्विनला थंडावलाय. तो किंचित ध्रुवित आहे, आणि त्या ध्रुवीकरणाच्या रेघांचे दोन प्रकार पाडता येतात. ई प्रकारात रेघा एखाद्या ठिपक्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या किंवा कड्यासारख्या असतात. आरशात त्या तशाच दिसतात. बी प्रकारात त्या ४५ अंशांनी कललेल्या असतात, रांगोळीतल्या भोवऱ्यासारख्या. आरशात भोवऱ्याचा पीळ उलटतो. म्हणून विश्वाला डाव्या-उजव्याचं सोयरसुतक नसेल, तर ई आणि बी यांचा एकमेकांशी संबंध, म्हणजे ईबी स्पेक्ट्रम, सरासरीनं शून्य यायला हवा. तापमान आणि बी यांचा टीबीही शून्य. (ईचा स्वतःशी संबंध तो ईई, बीचा स्वतःशी तो बीबी.) हे शून्य नसतील तर काहीतरी आहे. इन्फ्लेशनमधल्या एकाच हाताच्या गुरुत्वीय लहरींमुळे ईबी आणि टीबी उमटतील, हे १९९९ मध्ये लू, वांग आणि कामिओनकोव्स्की यांनी मांडलं.

पण 'काहीतरी'चे संशयित तीन आहेत. कारखान्याच्या भाषेत सांगतो. एक, दिव्यातून प्रकाश निघतानाच पीळ घेऊन निघाला: हा इन्फ्लेशनचा भेद. दोन, वाटेत नळीतल्या रसानं तो वळवला: सीएमबी आपल्यापर्यंत येताना अॅक्सिऑन या अजून न सापडलेल्या कणासारख्या एखाद्या क्षेत्रानं ध्रुवीकरण फिरवलं, त्याला कॉस्मिक बायरिफ्रिंजन्स म्हणतात आणि त्या कोनाला बीटा. तीन, चकतीचा झिरोच चुकलाय: उपग्रहावरचे डिटेक्टर ठरल्यापेक्षा अल्फा कोनानं तिरके बसलेत. पुढचं सगळं काम म्हणजे या तिघांना वेगळं करणं.

पायरी १: साहित्य

विंडोजवर हीलपाय नीट चालत नाही. डब्ल्यूएसएलमध्ये उबुंटू घ्या, त्यावर कोंडातून हीलपाय, नामास्टर आणि कॅम्ब बसवा. हीलपाय आकाशाचे नकाशे हाताळतं, नामास्टर कापलेल्या आकाशाचा स्पेक्ट्रम काढतं, कॅम्ब सैद्धांतिक वक्र देतं.

डेटा प्लँक उपग्रहाचा. तो २००९ मध्ये उडाला, आणि त्याचे नकाशे युरोपियन अवकाश संस्थेच्या प्लँक लेगसी आर्काइव्हवर आहेत. सुरुवातीला २०१८ चे स्मिका नकाशे (धूळ वगैरे काढून साफ केलेले) घ्या, तेही मोहिमेच्या पहिल्या आणि दुसऱ्या अर्ध्याचे वेगवेगळे. दोन अर्ध्यांचा आपसात स्पेक्ट्रम काढला की बराचसा गोंगाट आपोआप गळतो, कारण तो दोन्हींत वेगळा असतो. ध्रुवीकरणाचा कॉमन मास्कही (आकाशगंगेचा पट्टा झाकणारा नकाशा) घ्या. तो सुमारे ७८ टक्के आकाश ठेवतो. फाइली मोठ्या आहेत. रात्री डाउनलोड लावून झोपा, आणि मधेच तुटलं तर पुढून सुरू होईल अशा साधनानं उतरवा.

एका नकाशात १२ × २०४८ × २०४८, म्हणजे ५ कोटींवर पिक्सेल असतात. तीन नकाशे दुहेरी अचूकतेनं उघडले की १.२ जीबी रॅम गेली. म्हणून सगळं काम आधी एनसाइड ५१२ वर (एनसाइड म्हणजे वरच्या गुणाकारातला २०४८ हा आकडा) बसवा आणि जमलं की मूळ नकाशावर जा. नकाशा लहान करताना पिक्सेलांची नुसती सरासरी घेऊ नका. ध्रुवीकरण सांगणारे दोन आकडे, क्यू आणि यू, यांच्या दिशा प्रत्येक पिक्सेलला स्थानिक असतात, ध्रुवांजवळ त्या झपाट्यानं बदलतात. आधी हार्मोनिक गुणक काढा, ते कापा, मग लहान नकाशा बनवा.

पायरी २: यूचं चिन्ह

इथं माझे दोन दिवस गेले, म्हणून थोडा थांबतो.

ध्रुवीकरणाचा कोन कुठल्या बाजूनं मोजायचा याचे जगात दोन रिवाज आहेत. सीएमबीवाले एका बाजूनं मोजतात, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा रिवाज उलट. फरक एवढाच की यूचं चिन्ह बदलतं. फाइलच्या हेडरमध्ये कुठला रिवाज आहे ते लिहिलेलं असतं. पण मी मधल्या टप्प्यावर नकाशा स्वतः जतन केला होता, हेडरशिवाय, आणि कुठंतरी यू एकदा जास्त उलटला. स्पेक्ट्रम काढला तर बीबी जवळजवळ ईई एवढा! रात्री बारा वाजता मला वाटलं की आपण गुरुत्वीय लहरी पकडल्या. सकाळी चहा पिताना वाटलं की नाही पकडल्या.

कारण सोपं आहे. यूचं चिन्ह चुकलं, की ई-बी नुसते अदलाबदल होत नाहीत, ईची ताकद दोघांत वाटली जाते. त्यामुळे तपासणीही सोपी: ईई मोठा आणि बीबी अगदी नगण्य आला पाहिजे. ईईचा वक्र एल १००० च्या आसपास (एल म्हणजे बारकाव्याचा क्रमांक; तो जेवढा मोठा तेवढे आकाशातले ठिपके लहान) सुमारे ४० मायक्रोकेल्विन वर्गापर्यंत चढायला हवा. हे दोन्ही जुळल्याशिवाय ईबीकडं बघूसुद्धा नका. हा झाला पहिला झिरो.

पायरी ३: मास्क आणि स्पेक्ट्रम

आकाशगंगेचा पट्टा झाकला की ईचा काही भाग कडेनं बीमध्ये गळतो. मास्कची कड एकदम कापलेली ठेवू नका, एखादा अंश रुंदीनं हळूहळू उतरती करा. नामास्टरमध्ये त्याची सोय आहे. कमी एलवर बीचं शुद्धीकरणही चालू ठेवा. मग दोन अर्ध्यांचा क्रॉस स्पेक्ट्रम काढा. उत्तर ईई, ईबी, बीई, बीबी या क्रमानं येईल. ईबी आणि बीई वेगवेगळे ठेवा. ते एकमेकांशी गोंगाटाच्या मर्यादेत जुळले नाहीत, तर कुठंतरी घोळ आहे.

२० च्या टप्प्यांत, एल ५१ ते १५०० एवढी पट्टी पुरे. हीच मोजणी २०२० मध्ये करणाऱ्या मिनामी आणि कोमात्सु यांनीही (ते पायरी ६ मध्ये भेटतील) हीच घेतली होती.

पायरी ४: खोटं आकाश

खऱ्या ईबीला हात लावण्याआधी खोटं आकाश बनवा. कॅम्बचा वक्र घ्या, त्यावरून हीलपायनं आकाश काढा, प्लँकच्या सिम्युलेशनमधला गोंगाट मिसळा. मग क्यू अधिक आय गुणिले यू हा आकडा दोन बीटा कोनानं फिरवा. बीटा १ अंश ठेवा, म्हणजे ठसठशीत दिसेल.

फिरवलेल्या आकाशात ईबी बरोबर अर्धा × साइन(४ बीटा) × (ईई − बीबी) एवढा यायला हवा. हे सूत्र भिंतीवर लावा. टीबीसाठी असंच सूत्र आहे, टीई × साइन(२ बीटा), पण तापमानाचे चढउतार एवढे मोठे असतात की टीबीतून फारसं हाती लागत नाही. मी तो फक्त पडताळ्यासाठी काढतो.

शंभरेक खोट्या आकाशांवर तुमची मोजणी १ अंश परत देते का ते बघा. मग शून्य अंश ठेवून बघा, शून्य येतो का. मग एखाद्या मित्राला सांगा की त्याच्या मनातला कोन घालून फाइल पाठव, आणि तो ओळखून दाखवा. आमच्यात यावर मिसळीची पैज लागते. या आकाशांतला विखुरलेपणा हीच तुमची चूकमर्यादा. कागदावरही ती काढता येते: ईई गुणिले बीबी, दोन्ही गोंगाटासकट, भागिले (२एल+१) आणि आकाशाचा वाटा, आणि या सगळ्याचं वर्गमूळ. दोन्हींत दहा-वीस टक्क्यांचा फरक चालेल, दुपटीचा चालणार नाही.

पायरी ५: खरा आकडा, आणि त्यावर विश्वास का ठेवायचा नाही

आता खरा ईबी काढा आणि त्यावर सूत्राचा वक्र बसवा. साधारण ०.३ अंश येईल. एवढ्या कोनाला ईबी हा ईईच्या जेमतेम एक टक्का असतो. ०.३५ अंश धरला तर १.२ टक्के. ४० मायक्रोकेल्विन वर्गाच्या शिखरावर अर्धा मायक्रोकेल्विन वर्ग. एकेका टप्प्यात तो दिसणार नाही, गोंगाटात बुडालेला असेल. सगळे टप्पे एकत्र केल्यावरच उठून येतो.

प्लँकच्या चमूनं आपल्या आधीच्या डेटावर हीच मोजणी केली तेव्हा ०.३१ अंश आला, सांख्यिकी चूक ०.०५. म्हणजे सहा सिग्मा, चूकमर्यादेच्या सहापट! मग कोणी पेढे का वाटले नाहीत? कारण त्याच ओळीत पुढं लिहिलं होतं: यंत्राच्या कोनाची अनिश्चितता ०.२८ अंश. उडण्याआधी डिटेक्टर किती सरळ बसवलेत हे जेवढं माहीत होतं, तेवढ्यात तो ०.३१ मावतो. तुम्ही मोजलात तो अल्फा अधिक बीटा. मामांच्या भाषेत, पाणी घालून बघितलेलं नाही.

आणि अंतराळात पाणी कुठून आणणार? क्रॅब नेब्युलासारखे ध्रुवित स्रोत वापरतात, पण त्यांचा कोनही हव्या तेवढ्या बारकाईनं माहीत नाही. जमिनीवरच्या काही प्रयोगांत ईबी शून्यच आहे असं धरून यंत्राचा कोन ठरवतात. गुरुत्वीय लहरी शोधायला ते ठीक आहे. पण असा नकाशा घेऊन तुम्ही बीटा शोधायला बसलात, तर बीटा आधीच पुसलेला असणार. नकाशा कुठलाही घ्या, त्याचा कोन कसा ठरवला ते आधी वाचा.

पायरी ६: लांब नळी, आखूड नळी

मामांकडं एक दुसरी युक्तीही होती. पाणी न घालता झिरो काढायचा. तोच रस आधी १०० मिलिमीटरच्या नळीत, मग २०० च्या. समजा १०० ला ८.९ अंश आले आणि २०० ला १७.५. नळी दुप्पट झाली की साखरेचं वळण दुप्पट होतं, झिरोची चूक मात्र तेवढीच राहते. वजाबाकी केली की १०० मिलिमीटरला साखरेचे ८.६ अंश, आणि उरलेले ०.३ यंत्राचे.

मिनामी, कोमात्सु आणि सहकाऱ्यांनी आकाशात हेच केलं. आपल्या आकाशगंगेतली धूळही ध्रुवित प्रकाश देते, पण तो प्रकाश अगदी जवळून येतो. विश्वाच्या हिशेबात ती आखूड नळी. त्यावर बीटाचा परिणाम नगण्य, अल्फाचा मात्र पूर्ण. सीएमबी ही लांब नळी, तिच्यावर दोन्ही. म्हणजे ज्या आकाशगंगेला आपण इतका वेळ कचरा म्हणून झाकत होतो, तीच झिरो लावायला उपयोगी पडते. मला या विषयात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे.

करायचं असं: इथं स्मिका चालणार नाही, कारण त्यातून धूळ काढून टाकलेली असते. १००, १४३, २१७ आणि ३५३ गिगाहर्ट्झचे मूळ नकाशे घ्या. प्रत्येक वारंवारतेला स्वतंत्र अल्फा, सगळ्यांना मिळून एक बीटा. मोजलेल्या ईबीमध्ये मोजलेल्या (ईई − बीबी) च्या प्रमाणातला भाग अल्फाचा, आणि कॅम्बच्या सीएमबी वक्राच्या प्रमाणातला भाग बीटाचा. मास्क लहान ठेवा, धूळ हवीच आहे. मग सगळे कोन एकदम बसवा.

२०२० मध्ये या पद्धतीनं बीटा ०.३५ ± ०.१४ अंश आला, २.४ सिग्मा. २०२२ मध्ये डब्ल्यूमॅप (प्लँकच्या आधीचा उपग्रह) आणि प्लँक एकत्र करून एस्किल्ट आणि कोमात्सु यांना सुमारे ०.३४ अंश मिळाला, चूक ०.०९ च्या आसपास, ३.६ सिग्मा. शोध म्हणायला पाच लागतात.

आणि अडथळा आहेच. ही पद्धत असं धरते की धुळीचा स्वतःचा ईबी शून्य आहे. पण धुळीचे तंतू चुंबकीय क्षेत्राला किंचित तिरके असले, तर तिलाही ईबी असतो. २०२२ मध्येच प्लँकच्या सुधारित नकाशांवर दिसलं की मास्क वाढवत नेला तर बीटा घटतो, आणि धुळीचा ईबी हिशेबात धरला की स्थिर होतो. म्हणून तुम्हीही पाच-सहा वेगवेगळे मास्क घेऊन आलेख काढाच. अंबाबाईच्या किरणोत्सवात किरणं मूर्तीपर्यंत पोचली नाहीत, तर आपण सूर्याकडं बोट दाखवत नाही. धुकं, ढग, वाटेतल्या इमारती बघतो. तसंच.

पायरी ७: आणि इन्फ्लेशन?

तीक्ष्ण नजरेच्या वाचकाच्या लक्षात आलं असेल की आतापर्यंत दुसऱ्या आणि तिसऱ्या संशयिताचाच पंचनामा झाला. पहिला ओळखायचा तो आकारावरून. वाटेतल्या वळणाचा ईबी ईईच्या शिखरांची नक्कल करत एल १००० च्या पलीकडं जातो. इन्फ्लेशनमधल्या लहरींचा ईबी मात्र एल १० च्या आत आणि ८० च्या आसपास असतो, आणि त्यापुढं लवकरच विझतो. ५१ पासून केलेल्या मोजणीत त्याचा मोठा भाग येतच नाही.

लहरी किती एकहाती आहेत हे सांगणाऱ्या आकड्याला ग्रीक 'काय' हे अक्षर वापरतात. काय शून्य म्हणजे डाव्या-उजव्या सारख्या, काय एक म्हणजे सगळ्या एकाच हाताच्या. (वर्गात 'काय काय आहे?' असं विचारून बघा.) अॅक्सिऑन क्षेत्र गेज क्षेत्राशी जोडलेलं असेल, अशा काही मॉडेलांत काय जवळजवळ एक येतो. वक्र काढायला कॅम्बकडून टेन्सर ट्रान्सफर फलनं (गुरुत्वीय लहरींचा सीएमबीवर उमटणारा ठसा) घ्या. ईई आणि बीबीला दोन्ही हातांच्या लहरींची बेरीज लागते, ईबी आणि टीबीला वजाबाकी. आधी बेरजेतून कॅम्बचाच बीबी तंतोतंत परत येतो का ते बघा. नाही आला तर गुणकात चूक आहे.

मग हिशेब करा आणि निराश व्हा. गुरुत्वीय लहरींची ताकद सांगणारा आर हा आकडा बायसेप-केक प्रयोगांनुसार ०.०३६ पेक्षा कमी आहे (२०२१, ९५ टक्के खात्री). एवढ्या आरला बीबीचं एल ८० चं शिखर मायक्रोकेल्विन वर्गाच्या काही सहस्रांशांएवढं. प्लँकचा गोंगाट त्यापुढं डोंगर आहे. काय एक धरला तरी प्लँकमधून त्याच्यावर काहीच बंधन येत नाही. हे स्वतःच्या खोट्या आकाशांवर करून बघा: काय एक आणि काय शून्य यांचे आलेख एकमेकांवर पडलेले दिसतील. गोंगाट पूर्ण काढला तरी कमी एलवर आकाशात मोजण्याच्या जागाच थोड्या. लाइटबर्ड या जपानी नेतृत्वाच्या नियोजित उपग्रहाकडं लोक डोळे लावून बसलेत ते यासाठी.

पायरी ८: चार टोकांची गोष्ट

लहरीच दुबळ्या असतील तर घनतेच्या चढउतारांत भेद शोधता येईल का? येईल, पण दोन बिंदूंत नाही, तीनमध्येही नाही. कोल्हापुरी चपलेचा तळ कागदावर आखून कापा. डाव्या पायाचा कागद उलटा केला की उजव्याचा होतो. पण अंगठा लावलेली खरी चप्पल कशीही फिरवा, डावी ती डावीच. त्रिकोण त्या कागदासारखा आहे. हात असायला चार टोकांचा, जाडी असलेला आकार लागतो. म्हणून चार बिंदूंचा सहसंबंध, ट्रायस्पेक्ट्रम.

सीएमबीमध्ये खूण सोपी आहे: चार एलची बेरीज विषम असलेले गट. लहरींच्या बाबतीत तीन एलची विषम बेरीजही चालते, आणि ते मांडणाऱ्या २०११ च्या शोधनिबंधात कामिओनकोव्स्कींबरोबर पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतले शास्त्रज्ञ तरुण सौरदीप (तरुण हे नाव) होते. २०२२ मध्ये दीर्घिकांच्या चार बिंदूंत भेद दिसल्याचे दावे आले. संशोधकांच्या एका चमूला सात सिग्मा, दुसऱ्याला तीनच्या आत. २०२३ मध्ये ऑलिव्हर फिलकॉक्स यांनी प्लँकचं तापमान याच रीतीनं तपासलं; काही सापडलं नाही.

इथं लॅपटॉपची हद्द जवळ येते. एल १० पर्यंतचेच गट घेऊन सरळ बेरीज करा, एवढं जमतं. त्यापुढं गट इतक्या वेगानं वाढतात की सूत्राचे वेगळे होणारे तुकडे पाडल्याशिवाय गती नाही. लहान बेरजेलाही पडताळा हवाच: खोट्या आकाशाचा आरसा काढा, म्हणजे पिक्सेलांच्या जागा उलटवा आणि त्याच वेळी, ध्रुवीकरण वापरत असाल तर, यूचं चिन्हही. विषम गटांची बेरीज चिन्ह बदलून तेवढीच आली पाहिजे, सम गटांची जशीच्या तशी. माझी पहिल्या वेळी आली नाही. यू पुन्हा एकदा जास्त उलटला होता.